एका नावेचा प्रश्न : बहरीनचा मोतीसमुद्र आणि जालबूत

समुद्रावर पोट असणाऱ्या प्रत्येक समाजाला एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. उथळ पाण्यात आणि खोल पाण्यात, वाऱ्याच्या दिवसांत आणि वारा पडलेल्या दिवसांत, माल वाहताना आणि पाण्याखालचे धन काढताना एकाच बांधणीची नाव पुरी पडेल, की कामागणिक वेगळी नाव बाळगावी लागेल, असा तो प्रश्न आहे. बर्फावर चालणाऱ्या उत्तरेकडील लोकांनाही तो पायांत बांधायच्या स्कींबाबत, म्हणजे घसरत जाण्यासाठीच्या लाकडी पट्ट्यांबाबत, पडत आला आहे. मऊ भुसभुशीत बर्फावर रुंद पट्टी तरंगते आणि घट्ट गोठलेल्या उतारावर अरुंद पट्टी धरून राहते, असा तेथील अनुभव आहे. नॉर्वे आणि स्वीडनच्या काही भागांत तर पूर्वी एका पायाला घसरण्यासाठी लांब पट्टी आणि दुसऱ्या पायाला रेटा देण्यासाठी आखूड, खालून कातडे लावलेली पट्टी बांधीत असत, म्हणजे एका जोडीतच दोन वेगळी साधने नांदत होती. बहरीनला बर्फ नाही, पण हाच प्रश्न तेथे लाकूड, शीड आणि वल्ही यांच्या भाषेत शतकानुशतके चर्चिला गेला, आणि त्याचे जे उत्तर तेथील नावाड्यांनी काढले त्यावर त्या बेटांची सारी अर्थव्यवस्था उभी राहिली.

बहरीन हा इराणी आखाताच्या पश्चिम अंगाला, सौदी अरेबियाचा पूर्व किनारा आणि कतारचे द्वीपकल्प यांच्यामध्ये वसलेला बेटांचा समूह असून मनामा आणि मुहर्रक ही त्याची दोन जुनी नगरे दोन शेजारच्या बेटांवर उभी आहेत. हे आखात मुळातच उथळ आहे. त्याची सरासरी खोली ३५ मीटरांच्या आसपास भरते, आणि बहरीनभोवतीचे पाणी तर त्याहूनही बरेच कमी खोल आहे. या उथळ समुद्रात जागोजाग पोवळ्यांची आणि वाळूची सपाट पठारे पसरलेली असून त्यांना तेथे फश्त म्हणतात. ओहोटीला त्यांचा काही भाग उघडा पडतो, आणि भरतीला त्यांच्यावर जेमतेम कमरेएवढे पाणी चढते. फश्तांच्या पलीकडे, काहीशा खोल पाण्यात, शिंपल्यांचे विस्तीर्ण थर असतात. त्यांतील एका थराला हैर आणि अनेकांना हैरात असे नाव आहे. वायव्येकडून येणारा शमाल हा तेथील मुख्य वारा होय. उन्हाळ्याच्या आरंभी तो आठवडेच्या आठवडे वाहत राहतो, तर ऐन उन्हाळ्यात कित्येकदा वारा पूर्ण पडतो आणि पाणी तेलासारखे स्तब्ध होते. ज्या नावेला येथे वावरायचे, तिला एकाच मोसमात फश्तावरून घासून न जाता पार व्हावे लागे, शमालात टिकावे लागे आणि वारा पडला की वल्ह्यांवर चालावे लागे. कोकणच्या नाखव्यालाही खाडीमुखाचा वाळूचा दांडा, आषाढातला दर्या आणि भाद्रपदानंतरचे शांत पाणी यांचा असाच हिशेब करावा लागतो. मात्र कोकणात पावसाळ्याचे चार महिने नाव शाकारून ठेवता येते, तर बहरीनमध्ये नेमका उन्हाळा हाच कमाईचा काळ होता.

पाश्चात्त्य लेखकांनी अरबी शिडाच्या प्रत्येक जहाजाला धाऊ असे एकच नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. आखातातील नावाडी मात्र हा शब्द सहसा वापरीत नसत. एकूण जहाजांविषयी बोलायचे झाल्यास ते खशब, म्हणजे नुसते लाकूड, असे म्हणत आणि एखाद्या विशिष्ट नावेविषयी बोलायचे झाल्यास तिच्या बांधणीचे नाव घेत. मराठीत आज गलबत हा शब्द कोणत्याही जहाजाला लागतो, पण शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत गुराब निराळी, गलबत निराळे, मचवा निराळा, पगार निराळी, तसाच हा प्रकार होय. बाहेरच्या माणसाला जेथे एक वस्तू दिसते तेथे त्या वस्तूवर जगणाऱ्याला दहा दिसतात, आणि नावेच्या निवडीचा इतिहास या दहा नावांमधूनच वाचावा लागतो.

या इतिहासाचा पाया लाकडात आहे. बहरीनमध्ये खजुराची झाडे विपुल होती, परंतु नाव बांधण्याजोगे झाड नव्हते. तेथील सर्वांत साधी होडी खजुराच्या फांद्यांच्या मधल्या काड्या एकत्र बांधून केलेली असे. तिच्यातून पाणी आरपार येई, तरी काड्याच हलक्या असल्यामुळे ती बुडत नसे, आणि किनाऱ्यालगत मासे धरण्यास ती पुरे. त्यापुढील प्रत्येक नावेसाठी फळ्या समुद्रापलीकडून आणाव्या लागत. ही देवघेव फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी सुमारे २५०० च्या काळातील लगाश नगरीचा राजा उर-नान्शे याच्या लेखात दिलमूनच्या जहाजांनी परदेशाहून लाकूड आणल्याचा उल्लेख येतो, आणि दिलमून म्हणजेच मुख्यत्वे आजचे बहरीन, असे अभ्यासक मानतात. पुढील शतकांत सागवान मलबार किनाऱ्यावरून येऊ लागले. नारळाचा काथ्याही तिकडूनच येई, आणि प्रारंभी तो केवळ दोरखंडासाठी लागत नसे: फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याने शिवून जहाज तयार करण्याची रीत अरबी समुद्राच्या दोन्ही तीरांवर होती. तेराव्या शतकात मार्को पोलो याने होर्मुझ येथे अशी शिवलेली जहाजे पाहिली आणि त्यांची निंदा केली. शिवलेली नाव वाळूवर आपटली तरी लवचीकपणे वाकते आणि सहसा फुटत नाही, हा तिचा गुण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाच्या ध्यानात न येणे साहजिक होते. उलट लोखंडी खिळ्यांनी जोडलेली नाव ताठ राहते, जास्त भार पेलते आणि लाटांच्या माऱ्यात कमी गळते, परंतु खडकावर आदळल्यास तिची फळी तडकते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आखातात आले आणि १५२१ पासून १६०२ पर्यंत बहरीन त्यांच्या ताब्यात राहिले. त्या काळापासून खिळ्यांची बांधणी आणि मागील बाजू चौकोनी, सपाट ठेवण्याची युरोपीय पद्धत आखातात पसरत गेली. म्हणजे प्रश्नाचे पहिले वळण असे होते, की लवचीक नाव पत्करायची की ताठ, आणि व्यापार जसजसा वाढला तसतसे पारडे ताठ नावेकडे झुकले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहरीनच्या पाण्यात ज्या बांधण्या दिसत, त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गातील नावांची दोन्ही टोके निमुळती असत. बूम ही त्यांतील थोर जहाजे, सरळ तिरप्या नाळेची (नाळ म्हणजे नावेचे पुढचे, पाणी कापणारे टोक), खोल समुद्रात हिंदुस्थान आणि आफ्रिकेपर्यंत जाणारी, आणि विशेषकरून कुवेतच्या व्यापाऱ्यांची. बतील ही लांब, सडपातळ आणि वेगवान नाव असून तिच्या मागील टोकाचा खांब उंच उभा असे. लढाईत आणि पाठलागात तिचा उपयोग मोठा, आणि मोत्यांच्या मोसमात ती पाणबुड्यांनाही घेऊन जाई. बक्कारा ही तिच्याच कुळातील, पण लहान आणि उथळ. दुसऱ्या वर्गात सपाट पाठीच्या नावा येतात. बगला हे त्यांतील सर्वांत भव्य जहाज असून त्याच्या मागील बाजूस कोरीव खिडक्यांची ओळ असे. संबूकची नाळ तलवारीच्या पात्यासारखी वळून खाली उतरे. शूई ही संबूकचीच धाकटी बहीण. आणि या साऱ्यांत दिसायला सर्वांत साधी, सरळ उभ्या नाळेची, कोणत्याही नक्षीवाचूनची नाव म्हणजे जालबूत.

या शब्दाची व्युत्पत्ती मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल. काही अभ्यासकांनी जालबूत हे नाव इंग्रजी जॉली-बोट या शब्दावरून आल्याचे म्हटले आहे. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या युल आणि बर्नेल यांच्या हॉब्सन-जॉब्सन या कोशात गलबत या शब्दाची चर्चा करताना त्याचे इंग्रजी रूप आणि जॉली-बोट यांचे नाते असल्याची शक्यता मांडलेली आहे. आखातातील जालबूत, कोकणातील गलबत आणि इंग्रजी आरमाराची जॉली-बोट ही एकाच शब्दकुळातील भावंडे असण्याचा संभव त्यामुळे नाकारता येत नाही. शब्दाचे नाते सिद्ध होवो वा न होवो, कामाचे नाते स्पष्ट आहे. गलबत हे वल्ही आणि शीड या दोहोंवर चालणारे, उथळ पाण्यात शिरणारे, मोठ्या गुराबेच्या जोडीने वापरावयाचे जहाज होते. रामचंद्रपंत अमात्यांनी सुमारे १७१५ मध्ये लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराविषयी जे प्रकरण आहे, त्यात गुराबा फार मोठ्या किंवा फार लहान न करता मध्यम रीतीने सजवाव्यात, वाऱ्यावाचून जी हलूच शकत नाहीत अशी थोर जहाजे करू नयेत आणि पाच गुराबांबरोबर पंधरा गलबते ठेवावीत, असा विचार सांगितला आहे. एका बांधणीने सर्व साधेल अशी अमात्यांची अपेक्षा नव्हती. मध्यम आकार आणि दोन प्रकारांचे ठरावीक प्रमाण, असे त्यांचे उत्तर होते. हे उत्तर राज्याचे आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्याच्या पदरी जंगल, खजिना आणि सुतार आहेत तोच नावांचे प्रमाण ठरवू शकतो. बहरीनच्या नाखुद्याजवळ यांपैकी काही नव्हते.

नाखुदा म्हणजे नावेचा धनी अथवा म्होरक्या, आणि कोळीवाड्यांतील नाखवा हा शब्द त्याचेच मराठी रूप होय. बहरीनच्या बहुतेक नाखुद्यांजवळ एकच नाव असे आणि तीही पुष्कळदा व्यापाऱ्याच्या आगाऊ पैशावर उभी केलेली. जॉन गॉर्डन लॉरिमर या ब्रिटिश अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आखाताविषयी जो प्रचंड ग्रंथ संकलित केला, त्यात बहरीनच्या मोती-नौकांची संख्या ९०० च्या थोडी वर आणि त्यांवरील माणसांची १७,००० वर दिली आहे. म्हणजे एका नावेवर सरासरी एकोणीस माणसे येतात. ज्या मोठ्या नावांवर साठ किंवा अधिक माणसे असत त्यांच्या कथा आज सांगितल्या जातात, पण हा आकडा दाखवतो की धंद्याचा खरा भार लहान आणि मध्यम नावांनी वाहिला. प्रत्येक फळी मलबारातून आणावी लागत असताना दोन नावा बाळगणे म्हणजे दुप्पट सागवान, दुप्पट कर्ज आणि वर्षाकाठी दोनदा बुडाला चुना-चरबीचा लेप देण्याचा दुप्पट खर्च. एकच नाव सर्व कामांना चालेल काय, हा प्रश्न येथे आवडीनिवडीचा उरत नाही. ती चालवावीच लागे, आणि कोणती बांधणी कमीत कमी नुकसान करून चालेल एवढेच ठरवायचे असे.

जालबूत तेथे पुढे का आली, हे समजण्यासाठी मोत्यांच्या मोसमातील एका दिवसाचे काम जवळून पाहावे लागते. मोठी बुडी, अर्थात अल-गौस अल-कबीर, हा मुख्य मोसम मे-जूनच्या सुमारास सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपे. निघण्याच्या दिवसाला रक्बा आणि परतण्याच्या दिवसाला कुफ्फाल म्हणत. हैरावर पोचल्यावर नांगर टाकून नाव स्थिर केली जाई आणि तिची लांब वल्ही दोन्ही बाजूंना आडवी बाहेर काढून काठाला घट्ट बांधली जात. चालण्याचे साधन असलेली ही वल्ही आता पाण्यावरची खुंटी बनत, कारण पाणबुड्यांचे दोर त्यांच्यावरून सोडले जात आणि दोन बुड्यांमधील विसाव्यात पाणबुडे त्यांच्या आधाराने तरंगत. पाणबुड्याला गव्वास म्हणत. नाकावर कासवाच्या कवचाचा किंवा शिंगाचा फिताम नावाचा चिमटा, बोटांना कातडी टोप्या, गळ्यात दय्यीन म्हणजे जाळीची टोपली आणि पायात दगड अडकवलेला दोर, एवढ्या सामानावर तो तळाशी जाई. एक ते दीड मिनिट शिंपले गोळा करून त्याने दोराला हिसका दिला की वर उभा असलेला सैब त्याला भराभर ओढून घेई. सकाळपासून सूर्यास्तापर्यंत हे चाले.

या कामात नावेकडून तीन गोष्टींची अपेक्षा असे. पहिली गोष्ट म्हणजे काठ पाण्याजवळ हवा, कारण सैबाला दिवसभर माणूस ओढायचा असतो आणि काठ हातभर उंच असला तर संध्याकाळी त्याचे खांदे निकामी होतात. दुसरी, दोर ओढणारे सगळे सैब एकाच वेळी दोन्ही काठांशी उभे राहू शकतील इतकी मोकळी लांबी हवी. तिसरी गोष्ट म्हणजे रात्री तीच माणसे, त्यांचे पाणी, तांदूळ, खजूर, सरपण आणि दिवसाचे शिंपले या सर्वांना जागा पुरली पाहिजे. निमुळत्या टोकाच्या नावेत मागील तिसरा हिस्सा अरुंद होत जातो आणि तेथे ना माणूस नीट उभा राहतो, ना सामान मावते. जालबूतची सपाट पाठ शेवटच्या फळीपर्यंत रुंदी राखून ठेवी. तिची सरळ नाळ आणि सरळ पठाण (नावेच्या तळाचे मुख्य आडवे लाकूड) यांमुळे तिच्या एकूण लांबीपैकी फार थोडी लांबी वाया जाई. बतील तिच्याहून वेगाने धावे आणि संबूक तिच्याहून देखणी दिसे, पण तेवढ्याच सागवानात जालबूतवर अधिक माणसे कामाला उभी राहत. तिच्या साधेपणाचा हा हिशेब सुतारांनाही सोयीचा होता. तेथील सुताराला कल्लाफ म्हणत. तो नकाशा न काढता, आधी बाहेरच्या फळ्यांचे कवच उभारून मग आत आधाराच्या फासळ्या बसवी, आणि वक्र नाळेचे एकसंध लाकूड शोधण्यापेक्षा सरळ लाकूड मिळणे केव्हाही सोपे होते.

तरीही जालबूत ही सर्व हवामानांची नाव होती असे म्हणणे बरोबर होणार नाही. ज्या गुणाने ती बहुतेक दिवस निभावून नेई तो गुण लाकडात कमी आणि कापडात अधिक होता. आखाती नावांना त्रिकोणी आकाराचे, तिरक्या लांब वाशाला बांधलेले शीड असते. कोकणात या वाशाला परबाण म्हणतात. चौकोनी शीड वारा वाढल्यावर वरून किंवा खालून गुंडाळून लहान करता येते. त्रिकोणी शिडाचे तसे करणे अवघड असते, म्हणून वारा वाढण्याची चिन्हे दिसली की संपूर्ण शीडच उतरवून दुसरे, लहान शीड परबाणाला बांधण्याचा रिवाज होता. ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी ॲलन व्हिलियर्स याने १९३८ ते १९३९ या काळात कुवेतच्या एका बूमवरून प्रवास करून सन्स ऑफ सिंदबाद हा ग्रंथ १९४० साली लिहिला, त्यातही वाऱ्याप्रमाणे शिडांची ही अदलाबदल दिसते. नाव एक, शिडे अनेक, अशी ही व्यवस्था होती. ती राबवण्यास हात पुष्कळ लागत. दिशा बदलताना परबाण डोलकाठीच्या पुढून फिरवून पलीकडे न्यावे लागे, आणि मालवाहू जहाजाच्या मोजक्या खलाशांची त्यात दमछाक होई. मोती-नौकेवर मात्र पाणबुडे आणि सैब मिळून माणसांची वाण नसे. नह्हाम, म्हणजे गाण्यासाठीच नेमलेला खलाशी, याच्या सुरावर ते परबाण चढे. वल्ही मारण्याची गाणी वेगळी, शीड चढवण्याची वेगळी, नांगर उचलण्याची वेगळी; फिजिरी नावाने ओळखली जाणारी ही बहरीनची गायनपरंपरा २०२१ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. माणसांचा हा ताफा हेच जालबूतच्या बहुउपयोगीपणाचे खरे इंधन होते, आणि ताफा कमी केला असता तर तीच नाव अगतिक ठरली असती.

दुसरा उपाय नावेच्या शेपटाला बांधलेला असे. हूरी म्हणजे एका लाकडातून कोरलेली लहान होडी. ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून तयार येई, आणि होडी या आपल्या शब्दाशी तिचे नाव जोडले जाते. जेथे जालबूतला फश्त अडवी तेथे हूरी जाई, माणसे किनाऱ्यावर पोचवी, पाणी आणी. बहरीनच्या समुद्रतळाशी गोड्या पाण्याचे झरे उसळत असत, आणि पाणबुडे कातडी पिशव्या घेऊन खाऱ्या पाण्याखाली बुडी मारून तेथून पिण्याचे पाणी भरीत, ही तेथील सृष्टीची आणि माणसाच्या धाडसाची असामान्य गोष्ट आहे. तिसरा उपाय मात्र श्रमविभागणीचा होता. तव्वाश नावाचे मोती-व्यापारी हैरांवर नावेनावेस भेट देऊन मोती विकत घेत. त्यांना माणसे उभी करण्याची गरज नसून वेगाची गरज असल्याने ते चपळ आणि लहान नावा वापरीत. खरेदी झालेले मोती मनामा-मुहर्रकहून मुंबईला जात, तेथे त्यांना भोके पाडून, प्रतवारी करून, सरांत ओवून पुढे लंडन-पॅरिसकडे पाठवले जाई, आणि बहरीनच्या मोत्यांची वजनेसुद्धा मुंबईच्या जवाहिऱ्यांच्या चव या मापात बोलली जात.

मुंबईपर्यंतचा हा दर्या जालबूतचा नव्हता. तो बूम आणि बगला यांचा होता, आणि १८६२ पासून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी आखातात नियमित फेऱ्या करू लागल्यावर हळूहळू आगबोटींचा झाला. टपाल, मोती आणि उतारू आगबोटीने जाऊ लागल्यामुळे बहरीनच्या नावाड्यावरचे एक मोठे ओझे उतरले, कारण खोल समुद्रासाठी वेगळे जहाज बाळगण्याचे कारणच उरले नाही. परंतु आगबोटींना मनामाच्या उथळ बंदरात शिरता येत नसे. त्या काही मैल दूर नांगर टाकीत आणि किनाऱ्यापर्यंतचा माल व माणसे स्थानिक नावांनीच आणावी लागत. मोत्यांचा मोसम नसताना तीच जालबूत अशा प्रकारे मालाची नाव होई, तीच मनामा आणि मुहर्रक यांमधील उतारूंची नाव होई, तीच हिवाळ्यात मासे धरण्यास जाई. १९६२ मध्ये मीना सलमान येथे खोल पाण्याचे बंदर सुरू होईपर्यंत बहरीनच्या समुद्रव्यापाराची शेवटची काही मैल लांबी लहान नावांच्याच हाती राहिली.

आता या व्यवस्थेची किंमत पाहिली पाहिजे, कारण नावेची स्तुती करताना तिच्यावरील माणूस विसरला जाण्याचा धोका असतो. मोसमाच्या आरंभी नाखुदा व्यापाऱ्याकडून आणि पाणबुडा नाखुद्याकडून उचल घेई, मोसमाच्या अखेरीस हिशेबात ती फिटत नसे, आणि उरलेले कर्ज पुढच्या वर्षी माणसाला त्याच नावेशी बांधून ठेवी. बापाचे कर्ज मुलाच्या अंगावर येण्याचेही प्रकार घडत. १९२० च्या दशकात मेजर क्लाइव्ह डॅली या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या आग्रहाने हिशेबाच्या वह्या ठेवणे आणि उचलीला मर्यादा घालणे यांविषयी सुधारणा झाल्या, १९२६ पासून सल्लागार असलेल्या चार्ल्स बेलग्रेव्ह यांच्या काळात त्या पुढे चालल्या, आणि व्यापारी तसेच काही पाणबुड्यांकडूनही त्यांना विरोध झाला. एका नावेत सर्व कामे बसवण्याचा आग्रह ज्या दारिद्र्यातून आला, त्याच दारिद्र्याने नावेला जुनी होऊनही पाण्यात ठेवले. बुडाच्या फटींत तेलात भिजवलेल्या कापसाच्या वाती नव्याने ठोकायला पैसे नसले तर गेल्या वर्षीच्याच वाती चालवल्या जात, आणि तळाशी साचणारे पाणी उपसणे हे एका माणसाचे रोजचे काम होऊन बसे.

१९२५ च्या मोसमाची अखेर या दृष्टीने फार दुःखद आहे. कुफ्फाल जवळ आलेला असताना एका रात्री अचानक उठलेल्या वादळाने आखातभर हैरांवर नांगरलेल्या नावांचा संहार केला. थोड्याच वेळात नावांवर नावा आदळल्या, बुडाल्या, आणि असंख्य माणसे दगावली. अरबी भाषेत त्या वर्षाला सनत अल-तबआ, म्हणजे बुडण्याचे वर्ष, हेच नाव पडले आणि पुढे वृद्ध माणसे आपले वय त्या वर्षापासून मोजीत. पाण्याजवळ आणलेला काठ, सैबांच्या खांद्यांचा विचार करून ठेवलेला तो कमी उंचीचा काठ, उंच लाटेला आत येण्यास मोकळी वाट देतो. नांगर टाकून दाटीने उभ्या असलेल्या, माणसांनी भरलेल्या, शीड चढवण्यास अवसर न मिळालेल्या नावेला त्या रात्री ना दुसरे शीड उपयोगी पडले ना वल्ही. रोजच्या शंभर दिवसांसाठी जी तडजोड शहाणपणाची होती तिने एका रात्रीचा भरवसा आधीच गहाण ठेवला होता. हे सुतारांना आणि नाखुद्यांना ठाऊक नव्हते असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी शंभर दिवसांच्या बाजूने कौल दिला, कारण त्या दिवसांवाचून घरात धान्य येत नव्हते.

त्यानंतरचा ऱ्हास वेगाने झाला. जपानमध्ये मिकिमोतो यांच्या प्रयत्नांनी सुरू झालेले संवर्धित मोती, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम बीज घालून वाढवलेले मोती, १९२० च्या दशकात जगाच्या बाजारात आले. १९२९ च्या मंदीने गिऱ्हाईक तोडले. आणि १९३२ मध्ये जबल दुखान येथे खनिज तेल लागले, तेव्हा पाणबुड्यांना पगार, ठरावीक तास आणि कोरडी जमीन असलेले दुसरे काम मिळाले. मोती-नौका वर्षागणिक कमी होत गेल्या. जालबूत मात्र लगेच संपली नाही. तिची सपाट पाठ आणि सरळ पठाण यंत्र बसवण्यास सोयीचे ठरले, निमुळत्या टोकाच्या नावांपेक्षा तिच्यात मागे यंत्राला अधिक जागा मिळाली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शिडे उतरवून यंत्रावर चालणाऱ्या सपाट पाठीच्या नावा बहरीनच्या मासेमारीत नांदू लागल्या. १९८६ मध्ये बहरीन आणि सौदी अरेबिया यांना जोडणारा सुमारे २५ किलोमीटर लांबीचा राजे फहद पूल खुला होईपर्यंत समोरच्या अल-खोबरला जाणारे लोक लाँचने जात, आणि मोत्यांच्या काळात वारा, वल्ही आणि पाठीमागची हूरी यांच्यात वाटलेली सर्व कामे आता एका यंत्राने एकट्याने पेलली.

मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांतून समुद्राकडे जाणारी सुमारे साडेतीन किलोमीटरची वाट, तिच्यावरील नाखुदे, व्यापारी आणि पाणबुडे यांच्या सतरा इमारती, दक्षिण टोकाचा बू माहिर किल्ला आणि समुद्रातील तीन हैर हे सर्व मिळून २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. बू माहिरच्या याच किनाऱ्यावरून रक्ब्याच्या दिवशी नावा निघत असत.